धोंड्याच्या महिन्यातला पोचा

धाडकन आवाज झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात पुरणयंत्राचा दांडा फिरवत होते. मे महिन्यातली परभणीची दुपार. वाळ्याचे पडदे भिजवून, दारं-खिडक्या लावून अख्खी गल्ली झोपलेली. त्या शांततेत पत्र्याची कोठी कुणीतरी गच्चीवरून खाली ढकलावी तसा आवाज आला. हात पुरणानं भरलेले, तशीच मी पुढच्या दारात गेले.

आमची फियाट फाटकाच्या दगडी खांबाला पाठ लावून उभी होती. मागचा डावा मडगार्ड चांगलाच आत गेला होता आणि दिव्याच्या लाल काचेचा चुरा मातीत पडला होता. श्रीनिवासराव, आमचे जावई, गाडीजवळ किल्ली हातात घेऊन उभे होते. माझी मुलगी शैलजा जरा लांब, फाटकाच्या बाहेर, पदरानं तोंड पुसत होती.

"मामी, माझ्या हातून झालं," श्रीनिवासराव म्हणाले. आमच्याकडे जावई सासूसासऱ्यांना मामी-मामाच म्हणतात.

कुणाला लागलं का, एवढं मी विचारेपर्यंत हे बाहेर आले. अंगात मलमलचा सदरा, डोळ्यांवर झोप. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग पुन्हा गाडीकडे. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती. पण तोंडातून आलं ते असं:

"तो खांब आहेच तसा. वडिलांनी बांधला तेव्हापासून थोडा बाहेर आलाय."

आताच्या मुलींना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. तो अधिक महिना होता. आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. शैलजाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. अशा महिन्यात जावयाला उणा शब्द बोलायचा म्हणजे देवाला पायरीवरून ढकलण्यासारखं.

आणि हे तर वकील. भल्याभल्या बेरकी साक्षीदारांना उलटतपासणीत रडवलेले. पण जावई आले त्या संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "मामा, इथं आहोत तोवर गाडी जरा फिरवू का?" असं म्हणाले आणि यांना नाही म्हणता आलं नाही. त्या गाडीला आजवर यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. जुन्या चादरी उसवून मी तिला खोळ शिवली होती. गाडी नेहमी उलटी, म्हणजे तोंड रस्त्याकडे करून लावायची, कोर्टाला निघताना खोळंबा नको, असा यांचा नियम. विम्याचा एकही क्लेम कधी केलेला नाही आणि त्यामुळे हप्त्यात दरवर्षी सवलत मिळते, हे घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी कळायचं. किल्ली देताना यांचा चेहरा जसा झाला, तसा शैलजाच्या पाठवणीलासुद्धा झाला नव्हता.

पण त्या दिवसांत आमच्या घरात खरी धुसफूस चालली होती ती वेगळ्याच गोष्टीवरून. शैलजा डॉक्टर झाली होती आणि तिला सरकारी नेमणुकीचा कागद आला होता. बोरखेडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं. केंद्राच्या हाताखाली पुष्कळ गावं. केंद्राला एक जीप होती, पण ड्रायव्हरची जागा कधीची रिकामी पडलेली. श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. महिन्यातले निम्मे दिवस कालव्यांवर. तेव्हा यांचं म्हणणं असं, की नेमणूक नाकारावी आणि शहरात, नवऱ्याच्या क्वार्टरजवळ दवाखाना काढावा. जागेचं आणि खुर्च्यांचं आपण बघू. रोज जेवताना हा विषय निघायचा आणि रोज तो एकाच वाक्यावर येऊन थांबायचा. बाळंतपण अडलं तर तू काय बैलगाडीतून जाणार आहेस का?

शैलजा यावर काही बोलायची नाही. बोलणार काय? कॉलेजात असताना हट्ट धरून तिनं एकदा यांच्याकडून गाडीचा धडा घेतला होता. पहिल्याच दिवशी गाडी कडब्याच्या गंजीत शिरली. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही, पण हे उतरले, कडबा झटकला आणि म्हणाले की हे तुझ्या हातातलं काम नाही. धडा तिथंच संपला.

तर पोचा पडला त्या संध्याकाळचं जेवण मी विसरणार नाही. श्रीनिवासराव मान खाली घालून म्हणत होते की चूक सर्वस्वी माझी. हे म्हणत होते, छे, छे, उन्हानं डोळ्यांवर तिरीप आली असेल. श्रीनिवासराव म्हणाले, ऊन तर डोक्यावर होतं. हे म्हणाले, नगरपालिकेनं रस्ता उंच केला, त्यामुळे गाडी मागं घसरते. जितका तो माणूस अपराध कबूल करी, तितक्या आग्रहानं मी त्याला वाढत होते. चौथ्या धोंड्याला त्यानं ताटावर आडवा हात धरला. शैलजाचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. मला वाटलं, नवऱ्यासाठी वाईट वाटतंय पोरीला.

दुसऱ्या दिवशी अन्वरमिस्त्री येऊन गाडी बघून गेला. मडगार्ड ठोकून काढावा लागेल, रंग अख्ख्या बाजूला मारावा लागेल, नाहीतर ठिगळ दिसेल, डिकीचं झाकण बसत नाही ते वेगळंच. त्यानं सांगितलेला आकडा हे पुटपुटत घरात आले आणि एका जुन्या दाव्याच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडायला बसले. क्लेम केला तर दुरुस्तीचे पैसे मिळणार, पण सवलत जाणार. ती पुन्हा पहिल्यापासून चढत यायला काही वर्षं लागणार. स्वतः भरले तर सवलत शाबूत. गंमत अशी, की दोन्हीकडचं नुकसान जवळपास सारखंच येत होतं. थोडाफार फरक पडे, तोही कधी इकडे झुके, कधी तिकडे.

"एखादा आकडा चुकला असेल," असं म्हणून यांनी तीच बेरीज पुन्हा सुरू केली.

श्रीनिवासराव म्हणाले, मामा, खर्च मी करतो. यावर हे इतके दचकले की हातातलं पेन खाली पडलं. अधिक महिन्यात जावयाकडून पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील हे राहू द्या, मीच काय म्हणेन? तो मार्ग तिथंच बंद झाला.

मी आपली क्लेमच्या बाजूची. इतकी वर्षं हप्ते भरले ते काय आरतीच्या तबकात टाकले होते का, असं मी विचारलं. यांचा बेत स्वतः भरण्याचा होता, कारण सवलत गेली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं काय? मी दिवसभर पाठपुरावा केला. शेवटी कंटाळून यांनी विमा कंपनीत कळवलं. सर्व्हेअर गाडी बघायला परवा येईल असं ठरलं. मी खुशीत. नवऱ्याशी वादात जिंकण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला थोडेच आले आहेत.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला एका खोक्याचं झाकण सापडलं.

सर्व्हेअर येणार म्हणून मी डिकी रिकामी करायला गेले होते. पाण्याचा कॅन काढला, गोणपाट काढलं, आणि गोणपाटाच्या घडीत माझ्या इरकलीच्या खोक्याचं झाकण निघालं. पांढरं, पुठ्ठ्याचं. त्यावर तळहाताएवढं इंग्रजी एल अक्षर काढलेलं, लाल. बोट फिरवून पाहिलं तर बोट लाल झालं. माझ्या करंड्यातलं कुंकू होतं ते.

शैलजा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी दार लोटून घेतलं आणि झाकण तिच्यापुढे धरलं.

"हे कुणी काढलं?"

तिनं कणकेतून हात बाहेर काढला नाही. "मी. घरात दुसरा लाल रंग नव्हता."

"आणि खांब?"

"तोही मीच."

मग तिनं सगळं सांगितलं. शिकाऊ परवाना तिनं सासरी गेल्या गेल्याच काढला होता. श्रीनिवासराव रोज पहाटे, यांच्या उठण्याआधी, तिला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर घेऊन जायचे. मला वाटायचं, नवी जोडी, फिरायला जातात. गिअर, क्लच, चढ, सगळं तिला जमायला लागलं होतं. फक्त मागं घेणं जमत नव्हतं. त्या दुपारी सगळे झोपलेले बघून दोघं पुन्हा गेले. परत आल्यावर श्रीनिवासराव म्हणाले, उतर, मी आत लावतो. हिनं ऐकलं नाही. अण्णा लावतात तशी उलटी लावून दाखवते, म्हणाली.

"आणि ते आपल्या अंगावर का घेतात?"

"आवाज झाला तसं त्यांनी मला दारातून ओढून बाहेर काढलं, पाटी डिकीतल्या गोणपाटात खुपसली आणि किल्ली घेतली. मी म्हटलं, अहो, असं कशाला? तर म्हणाले, मला या महिन्यात कुणी काही बोलणार नाही. तुला मात्र जन्मभर ऐकावं लागेल."

मला हसू येत होतं आणि ते दाबताही येत नव्हतं. शैलजा मात्र हसली नाही.

"आई, अण्णांना हे कळलं ना, की बोरखेडी संपली. ते एवढंच म्हणतील, पाहिलंस? आणि मला पुढे एक शब्द बोलता येणार नाही."

खरं होतं ते. ती हात धुवायला गेली तसं मी झाकण पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि विचार करू लागले. क्लेम झाला तर सर्व्हेअर विचारणार, गाडी कोण चालवत होतं. श्रीनिवासराव माझ्या मुलीसाठी खोट्यावर सही करणार आणि तेही वकिलाच्या घरात बसून. खरं सांगितलं तर बोरखेडी गेली. स्वतः पैसे भरले तर मात्र कुणी कुणाला काही विचारण्याचा प्रश्नच नाही. मिस्त्री काय, तो पत्रा ठोकतो, पत्रा कुणी वाकवला ते विचारत नाही.

मी ओच्याला हात पुसत ओसरीवर गेले आणि यांना म्हटलं, मी काय म्हणते, भरूनच टाका आपण आपले. इतक्या वर्षांची सवलत, ती कशाला घालवायची?

यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काल तू क्लेम म्हणत होतीस."

"काल म्हणत होते."

"मग रात्रीतून काय झालं?"

मी म्हटलं, तुमचा हिशेब पटला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, यांचा कुठलाही हिशेब मला पटला असं मी कधी म्हटलेलं नव्हतं. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते कोर्टात फितूर साक्षीदाराकडे बघत असतील. म्हणाले, आता कळवलंय, माणूस येऊ दे, बघू.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. नांदापूरकर त्यांचं नाव. बारीक अंगाचे, घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी पोचा पाहिला, खांब पाहिला, खांबाला लागलेला बिस्किटी रंग नखानं खरवडून पाहिला. मग ओसरीवर येऊन बसले, मांडीवर कागद घेतला आणि एकेक विचारत लिहू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," श्रीनिवासराव म्हणाले.

त्यांनी परवाना दाखवला. नांदापूरकरांनी क्रमांक उतरवून घेतला, कागद त्यांच्यापुढे केला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. श्रीनिवासरावांनी पेन उघडलं. त्याच वेळी शैलजा पाण्याचे पेले घेऊन बाहेर गेली. तिनं तबक खाली ठेवलं.

"त्यांनी सही करू नये. गाडी मी चालवत होते."

हे शैलजाकडे बघत नव्हते, जावयाकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी पदराचा काठ तपासत होते.

नांदापूरकरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. माणसं नावं बदलतात, याची त्यांना सवय असावी. त्यांनी फक्त विचारलं, परवाना? शैलजानं आतून शिकाऊ परवाना आणून दिला. शेजारी परवाना असलेलं माणूस बसलं होतं का? श्रीनिवासरावांनी होकारार्थी मान हलवली. गाडीला एलची पाटी होती का?

होती, शैलजा म्हणाली. पण मी ती कुठं ठेवली हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं. ती पिठाच्या डब्यामागेच राहू द्यावी, असं क्षणभर माझ्या मनात आलं. मग मी आत गेले, झाकण घेऊन आले आणि सर्व्हेअरच्या पुढे ठेवलं.

"हे कशानं काढलंय?" नांदापूरकरांनी विचारलं.

"कुंकवानं," मी म्हटलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि बोट रुमालाला पुसलं. मग यांच्याकडे वळून म्हणाले, वकीलसाहेब, माझ्या मते हे नियमात बसतं. पण रक्कम फार मोठी नाही आणि तुमची सवलत जाईल. स्वतः भरणार असाल तर हा कागद मी इथंच फाडतो. कुठं नोंद राहणार नाही. तुम्ही सांगाल तसं.

मला हायसं वाटलं. फाडा म्हणतील, आणि मग जे काही बोलायचं ते घरातल्या घरात बोलतील. पण यांनी त्यांना उत्तर दिलं नाही. शैलजाला समोर उभं केलं आणि कोर्टातल्या आवाजात विचारलं, "मागं घेताना डावीकडच्या खांबाकडे बघितलं होतंस?"

"कशात बघणार, अण्णा? डावीकडे आरसाच नाही."

"मी मान वळवून बघतो."

"मला ते कुणी सांगितलं नव्हतं."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. यांनी एकदा फाटकाच्या खांबाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून नांदापूरकरांच्या कागदावर बोट ठेवलं.

"लिहा. वाहनचालक, डॉक्टर शैलजा श्रीनिवास जिंतूरकर. माझी मुलगी. व्यवसायाचा रकाना आहे ना? तिथं लिहा, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, बोरखेडी."

नांदापूरकर लिहू लागले. शैलजानं पेल्यांचं तबक उचललं, पुन्हा खाली ठेवलं, आणि शेवटी पेले तिथंच ठेवून नुसतं तबक घेऊन आत आली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी रडलो असतो आणि धोंडे करपले असते.

सर्व्हेअर धोंडे खाऊन गेले. ते गेल्यावर मी यांना हळूच विचारलं, रागावला नाहीत?

"साक्षीदार आपणहून खरं बोलला, तर त्याची उलटतपासणी घेत नसतात," हे म्हणाले. मग श्रीनिवासरावांकडे वळले. "तुमचं मात्र वेगळं आहे, जावईबापू. तुम्ही माझ्या घरात, माझ्या तोंडावर खोटं बोललात. अधिक महिना आहे म्हणून गप्प आहे. तो संपला की मला तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत."

श्रीनिवासराव अगदी गंभीरपणे म्हणाले, "मामा, महिना संपला की मीच फोन करीन."

ठरल्याप्रमाणे ती दोघं गेली. फियाटचा पोचा निघाला, अर्ध्या अंगाला नवा रंग आला, तो जुन्याशी कधीच जुळला नाही. विम्याची सवलत गेली. शैलजा बोरखेडीला रुजू झाली आणि तिचा पक्का परवानाही आला. इकडे हे मात्र चार शब्दांची तयारी करत होते. सकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना पुटपुटणं कानावर यायचं. 'विश्वास' आणि 'प्रतारणा' हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. चाराचे चाळीस झाले असावेत.

अमावस्या झाली, महिना संपला. दुसऱ्याच सकाळी ओसरीवर एक पक्षकार बसलेला असताना फोन वाजला. यांनी खाकरून घसा साफ केला, खुर्चीत ताठ बसले आणि मगच रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"मामा, महिना संपला. बोला."

"बोलतो. आधी शैलजाला द्या."

"ती नाहीये. तांड्यावर एक बाळंतीण अडलीय, पहाटेच जीप घेऊन गेलीय."

"कोण चालवतंय?"

"तीच की."

यांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. पक्षकारानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्याला हातानं थांबवलं. तिकडून श्रीनिवासराव दोनदा म्हणाले, मामा, ऐकताय ना, बोला.

"पोचली की कळवा," एवढंच म्हणून यांनी फोन ठेवला.

मग पक्षकाराला उद्या यायला सांगितलं. खुर्ची उचलून फोनजवळ भिंतीला लावली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पान काही उलटत नव्हते. मी चहा आणून ठेवला, तो निवला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"काय गं, त्या जीपला डावीकडे आरसा असेल का?"